शेल्टरमध्ये नव्याने कामाला लागलात? या चुका टाळा

बारा वर्षं भटक्या कुत्र्या-मांजरांच्या शेल्टरमध्ये काम करतेय. दर महिन्याला कुणीतरी नवीन येतं. मनापासून येतं, प्राण्यांवर जीव असतो, आणि तरी चुका त्याच करतं. म्हणून एकदाचं लिहून काढते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे साफसफाईचा उलटा क्रम. एक मुलगा आला होता, कामाला वाघ. सकाळी येऊन बघितलं तर आयसोलेशनमध्ये, म्हणजे आजारी प्राण्यांना वेगळं ठेवायच्या खोलीत, घाण जास्त, म्हणून त्याने आधी तेच धुतलं. मग तीच बादली आणि तोच पोछा घेऊन पिल्लांच्या खोलीत गेला. फरशी आरशासारखी झाली. आयसोलेशनमध्ये पार्व्हो या विषाणूच्या संसर्गजन्य आजाराचा कुत्रा होता. पाचव्या दिवशी एका पिल्लाने खाण्याकडे पाठ फिरवली आणि कोपऱ्यात पाठ वाकवून बसलं. संध्याकाळपर्यंत उलट्या, रात्री रक्ताचे जुलाब. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. सहा पिल्लं होती, दोन वाचली. त्या सहांतली तिघं त्याच रविवारी नव्या घरी जाणार होती. तो मुलगा पायरीवर बसून रडला. मी त्याला ओरडले नाही, कारण क्रम त्याला कुणी सांगितलाच नव्हता.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी लहान पिल्लं, मग धडधाकट मोठी कुत्री, मग ऑपरेशन झालेली आणि शेवटी आयसोलेशन. तिथली लाल बादली, तिथला पोछा आणि तिथल्या चपला त्या दाराबाहेर येत नाहीत. तिथून निघाल्यावर मी कपडे बदलते आणि मगच डबा उघडते.

दुसरं म्हणजे फिनेल. फिनेलचा वास आला की स्वच्छ झालं, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. पण पार्व्होवर त्याचा भरवसा नाही. हा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन्महिने टिकतो. आधी साबणाने घासून शी-लघवी पूर्ण काढा, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच वायाच जातं. मग 15 लिटर पाण्यात अर्धा लिटर साधं ब्लीच घालून फरशी 10 मिनिटं ओली ठेवा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. ही 10 मिनिटं थांबणं कुणालाच जमत नाही. दोन मिनिटांत पुसून मोकळं व्हायचं असेल तर ब्लीच वापरूच नका. आणि ब्लीचमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. मांजरांच्या खोलीत तर काळं फिनेल आणूच नका. मांजर पंजे चाटतं आणि त्यातलं फिनॉल तिच्या लिव्हरला झेपत नाही.

मांजरीच्या पिल्लाला बाळासारखं उताणं धरून दूध पाजू नका. दूध फुप्फुसात जातं. नाकातून दुधाचा बुडबुडा आला की माझ्या पोटात गोळा येतो. पिल्लू पोटावर ठेवा, मान किंचित वर, आणि सिरिंज थेंबाथेंबाने दाबा. अंग गार असेल तर आधी ऊब द्या, दूध नंतर. गार पिल्लाला दूध पचत नाही. गाईच्या दुधाने जुलाब होतात, पिल्लांची तयार पावडर मिळते, ती वापरा. प्रत्येक वेळी पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने खाली हळूच पुसा, नाहीतर तीन आठवड्यांच्या आतलं पिल्लू स्वतःहून लघवी करत नाही.

ओरखडा लपवू नका. "ताई, एवढंसंच आहे" हे वाक्य मला ऐकवत नाही. नळाखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. लक्षणं दिसल्यावर रेबीजमधून माणूस जवळपास वाचतच नाही. खरं तर कामाला लागण्याआधीच लस घ्या. ती घेतली असली तरी चावल्यावर पुन्हा इंजेक्शनं लागतातच.

पिंजऱ्याचं पुढचं दार उघडण्याआधी मागचं लावा. जेवणाऱ्या कुत्र्याच्या ताटलीत हात घालू नका. स्वतःच्या डोकेदुखीची पॅरासिटामॉल मांजराला देऊ नका, ती मरते.

वहीत "ठीक आहे" असं लिहून मोकळे होऊ नका. "अर्धी वाटी उरली, सकाळी शी पातळ, लघवी दिसली नाही," असं लिहा. एका बोक्याच्या नावापुढे दोन दिवस "बद्धकोष्ठ" लिहिलेलं होतं. तो ट्रेमध्ये जाऊन कण्हत बसायचा, वाळू कोरडीच राहायची. मी पोटाला हात लावला तर मूत्राशय लिंबासारखं टणक. त्याची लघवी तुंबली होती. तो थोडक्यात बचावला. बोका असा पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसताना दिसला तर वहीत लिहीत बसू नका, डॉक्टरांना फोन लावा. रात्रीचे दोन वाजले असले तरी लावा.