होस्ट कुटुंबाच्या चर्चमध्ये जायचं मनात असेल, तर परतीच्या तिकिटाकडे बघून तारीख ठरवू नका

अमेरिकेतल्या युटा राज्यात स्टुडंट एक्स्चेंजवर, म्हणजे तिथल्या कुटुंबात राहून शाळा शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींचे मेसेज मला मार्च-एप्रिल आला की येऊ लागतात. होस्ट कुटुंब एलडीएस, म्हणजे मॉर्मन चर्चचं आहे, दर रविवारी त्यांच्याबरोबर जाते, मनापासून पटायला लागलंय, जूनमध्ये परत यायचंय, त्याआधी बाप्तिस्मा घेऊन टाकू का? मी नांदेडची. अकरावीच्या वर्षी प्रोवोजवळच्या एका गावात राहिले, आणि आज याच चर्चची सदस्य आहे. तेव्हा हे विरोधातून सांगत नाहीये. जूनच्या आधी घेऊ नका.

वॉर्ड (आपल्या भागातली मंडळी), बिशप (वॉर्डचा प्रमुख), मिशनरी (धर्मप्रचार करणारी तरुण मुलंमुली) हे सगळं तुम्हाला पहिल्या महिन्यातच कळलेलं असतं, ते पुन्हा सांगत बसत नाही. पण एक गोष्ट तिथे राहत असताना दिसत नाही. युटात श्रद्धा आणि शेजार वेगळे काढता येत नाहीत. सोमवारी संध्याकाळी घरी सगळे एकत्र बसणार. आठवड्यात एक दिवस चर्चच्या मुलींबरोबर काहीतरी कार्यक्रम. रविवारी दोन तास चर्च. शाळेचा एक तास सोडून बाजूच्या इमारतीत सेमिनरी, म्हणजे चर्चचा धर्मशिक्षणाचा वर्ग, ही पद्धत सॉल्ट लेक सिटीच्या ग्रॅनाइट हायस्कूलपाशी १९१२ मध्ये सुरू झाली आणि युटात ती इतकी मुरली आहे की तुमच्या वर्गातली बहुतेक मुलं त्या तासाला तिकडेच असतात. आजारी पडलात तर सूप घेऊन येणारी बाई चर्चमधली, गणितात अडलात तर शिकवणारे काका चर्चमधले. घरापासून इतक्या लांब, सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला एवढी माया मिळाली की तिला तिथलंच व्हावंसं वाटणारच. त्यात काही खोटं नसतं. फक्त त्यातलं देवावरचं किती आणि त्या माणसांवरचं किती, हे तिथे असताना कळायला मार्ग नसतो.

आता तारखेचं. यात मी स्वतः सापडले होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

या चर्चमध्ये मुलांचा बाप्तिस्मा आठ वर्षं पूर्ण झाल्यावर होतो. माझ्या होस्ट घरातला धाकटा मे महिन्यात आठ वर्षांचा होणार होता. होस्ट आई एकदा भांडी पुसताना म्हणाली, दोघांचं एकाच दिवशी केलं तर? बाबाच दोघांना पाण्यात उतरवतील, आजी-आजोबा आयडाहोहून येणारच आहेत. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हो म्हटलं. कोण नाही म्हणेल? दुसऱ्या दिवशी मिशनरी सिस्टर्स आल्या, त्यांनी वहीत तारीख लिहिली, रविवारी निम्मा वॉर्ड माझं अभिनंदन करत होता. नांदेडला घरी अजून कुणाला काही माहीत नव्हतं.

वय अठराच्या आत असेल तर आईवडिलांच्या परवानगीशिवाय हे चर्च बाप्तिस्मा देत नाही. त्यासाठी मी फोन केला, तेव्हा नांदेडला सकाळचे साडेसहा वाजले होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "तारीख ठरवून फोन करतेस, म्हणजे तू विचारत नाहीयेस, कळवते आहेस." मी सहा-सात महिने काय वाचलं, कशावर विचार केला, त्यातलं एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. तारीख पोचली. त्यांनी नकार दिला आणि बिशपनी त्याच संध्याकाळी सगळं थांबवलं. मे महिन्यात धाकट्याचा एकट्याचाच बाप्तिस्मा झाला. पांढरे कपडे, कमरेएवढं पाणी, दोन बाजूंना दोन साक्षीदार. त्याचा अंगठा पाण्याबाहेर राहिला म्हणून पुन्हा एकदा बुडवलं, कारण पूर्ण अंग पाण्याखाली जावं लागतं. मी खुर्चीत बसून रडले.

यात दुष्ट कुणी नव्हतं, आणि नेमकी तिथेच फसगत होते. मिशनऱ्यांना तारीख लवकर मागायला शिकवलेलंच असतं. समोर तारीख असली की माणूस मनापासून तयारी करतो, आणि पुढच्या रविवारी त्याच वॉर्डात बसणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते ठीकही आहे. तुमचा वॉर्ड मात्र तीन आठवड्यांनी मागे राहणार असतो. बाप्तिस्म्याच्या आधी मुलाखत होते. चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ हा देवाचा संदेष्टा होता असं मानता का, दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग द्याल का, चहा, कॉफी, दारू, तंबाखू सोडाल का, लग्नाआधी शरीरसंबंध टाळाल का, हे विचारतात. ही आयुष्यभराची वचनं आहेत. ती पाळायची आहेत नांदेडला, सांगलीला, डोंबिवलीला. युटातल्या ओरेमला नाही.

म्हणून ऑक्टोबरातच होस्ट आईबाबांना सांगा: मी येते, वाचते, प्रार्थना करते, पण तारीख नको. मिशनऱ्यांना सांगण्याआधी त्यांना सांगा, म्हणजे ते तुमच्या बाजूने उभे राहतात. माया कमी होत नाही, माझी एका दिवसानेही झाली नाही. आणि घरी पहिल्या महिन्यापासून बोलत राहा. दडपण वाटलं तर एक्स्चेंज संस्थेचा समन्वयक महिन्यातून एकदा तुमच्याशी बोलतोच, त्याला बिनदिक्कत सांगा. रोटरीतून गेला असाल तर वर्षात होस्ट कुटुंब बदलतं, तो बदल झाल्यावर ओढ तितकीच राहते का तेही बघा.

अनुसूचित जातीच्या मुलांनी पुढचं नीट वाचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदू, शीख आणि बौद्धांना आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही, म्हणजे प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी सगळ्यावर परिणाम होतो. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही. युटातल्या कुणालाही हे ठाऊक नसतं, आणि त्यांनी ते सांगावं अशी अपेक्षाही करू नका. तुमचा निर्णय तरीही तोच राहू शकतो, पण वकिलाला विचारून घ्या.

वाचनाबद्दल माझं मत ठाम आहे. रात्रभर व्हिडिओ बघू नका, ना चर्च सोडलेल्यांचे, ना नव्याने आलेल्यांचे. मॉर्मनचा ग्रंथ, म्हणजे या चर्चचा धर्मग्रंथ, स्वतः वाचा, सगळा. मग अवघड प्रश्न तोंडावर विचारा. बहुपत्नीत्व १८९० पर्यंत उघडपणे का चालू होतं? कृष्णवर्णीय पुरुषांना १९७८ पर्यंत याजकपद का नव्हतं? चर्चने यावर स्वतः लेख प्रसिद्ध केलेत, ते वाचा. आणि सल्ला घ्यायचा तर नुकत्याच मिशनवरून, म्हणजे प्रचाराच्या सेवेवरून आलेल्या उत्साही दादाचा घेऊ नका. जिच्या माहेरचं कुणीच सदस्य नाही अशी पन्नाशीची एखादी बाई वॉर्डात असते, तिला शोधा. सणाला माहेरी गेल्यावर काय होतं, ते तीच सांगेल.

परत आल्यावर मला पहिलं वर्ष जड गेलं. नांदेडात या चर्चचं माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. महिन्याच्या पहिल्या रविवारचा उपवास मी एकटी करायचे. साबुदाणा नाही, पाणीही नाही, त्यामुळे आजी वैतागायची. चहा सोडलेला, म्हणून ती मला आलं-गूळ घालून गवती चहा उकळून द्यायची, पत्ती न टाकता. तो चालतो. आरतीला मी सगळ्यांबरोबर उभी राहते, फुलं काढून देते. कुणाला हे पुरेसं वाटणार नाही, मला वाटतं. पुढे शिकायला हैदराबादला गेले. भारतातलं पहिलं स्टेक, म्हणजे अनेक वॉर्ड मिळून होणारा विभाग, २०१२ मध्ये तिथेच झालं. तिथे एकोणीस वर्षांची असताना बाप्तिस्मा घेतला. बाबा आले होते, मागच्या रांगेत बसले होते. युटाहून होस्ट कुटुंब फोनवर बघत होतं. त्या वर्षभरात जे टिकलं ते माझं होतं, एवढं मी त्यांना दोघांनाही सांगू शकले.

ज्यांचा बाप्तिस्मा तिकडे आधीच झालाय त्यांनी घाबरू नये, तुमचं काही बिघडलेलं नाही. निघण्याआधी वॉर्डच्या क्लार्कला भारतातला पूर्ण पत्ता आणि फोन लिहून द्या, म्हणजे तुमची नोंद इथल्या जवळच्या शाखेकडे येते आणि कुणीतरी फोन करतं. घरी अजून सांगितलं नसेल तर विमानात बसण्याआधी सांगा, विमानतळावर नाही.