परदेशातून पुण्यात परतताना पहिल्या वर्षाची आखणी कशी करावी

परदेशात दहा-बारा वर्षे काढून पुण्यात परतणाऱ्या माणसाची खरी अडचण ही असते, की पुणे आपल्याला ठाऊक आहे असे त्याला वाटत असते. त्याला ठाऊक असलेल्या पुण्यात वनाजहून रामवाडीला जाणारी मेट्रो नव्हती आणि मंडईच्या पोटातून भुयारी मार्गही गेलेला नव्हता. त्यामुळे नव्या शहरात जाताना आपण जितकी चौकशी करतो, तितकीच चौकशी येथेही करावी आणि पहिले वर्ष त्यासाठीच राखून ठेवावे.

तारीख ठरवणे

परतण्याची तारीख तिकिटाच्या दरावरून ठरवू नये. एका आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात, भारतातील मुक्काम १८२ दिवस किंवा त्याहून अधिक झाला, की प्राप्तिकरासाठी माणूस निवासी ठरतो, म्हणजे साधारणपणे त्याच्या परदेशातील उत्पन्नावरही येथे कर लागतो. म्हणून ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावर परतणाऱ्याला ते वर्ष बहुधा अनिवासी म्हणून पूर्ण करता येते. मात्र त्याच वर्षी आधी सुट्टीवर येऊन गेलेले दिवसही मोजावे लागतात, आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील, तर १८२ ची मर्यादा ६० दिवसांवर येते.

त्यानंतरही थोडी सवड मिळते. आधीच्या दहांपैकी नऊ वर्षे अनिवासी असलेल्या किंवा आधीच्या सात वर्षांत ७२९ दिवसांपेक्षा अधिक काळ भारतात न राहिलेल्या व्यक्तीला ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळतो. हा दर्जा असेपर्यंत तिकडेच मिळालेले आणि तिकडेच जमा झालेले व्याज किंवा घरभाडे येथे करपात्र होत नाही. परदेशातील घर किंवा समभाग विकायचे असतील, तर तो निर्णय याच काळात सल्लागाराबरोबर बसून घ्यावा.

करसल्लागार ऑक्टोबर सुचवतो आणि शाळा मात्र जूनमध्ये, काही मंडळांच्या तर एप्रिलमध्येच, सुरू होतात. माझे मत विचाराल तर मूल पाचवीच्या पुढे असल्यास शाळेची तारीख पाळावी. वर्षाच्या मध्यावर वर्गात शिरलेल्या मुलाला जे सोसावे लागते, त्याची भरपाई वाचलेल्या करातून होत नाही.

निघण्यापूर्वी

मुलांचे शाळेचे दाखले, लसीकरणाच्या नोंदी, वैद्यकीय अहवाल आणि नोकरीची अनुभवपत्रे मूळ प्रतींसह हातातल्या बॅगेत ठेवावीत. अमेरिकेतून येणाऱ्यांनी विजेवर चालणारी उपकरणे फार आणू नयेत, कारण तिकडचा वीजपुरवठा १२० व्होल्टचा असतो आणि आपला २३० व्होल्टचा.

तिकडचा मोबाइल क्रमांक मात्र लगेच बंद करू नये. मी तो निघण्याच्या आठवड्यातच बंद केला आणि तिकडच्या खात्यातील शेवटची रक्कम काढण्यासाठी लागणारा ओटीपी त्या बंद क्रमांकावर जात राहिला. एका स्वाक्षरीने होणाऱ्या कामासाठी मग पाच महिने पत्रव्यवहार करावा लागला.

कागदपत्रे आणि बँक

पुण्यात आल्यावर सर्वांत आधी आधार केंद्रात जाऊन आधारला सध्याचा भारतीय मोबाइल क्रमांक जोडून घ्यावा, कारण पुढची बहुतेक कामे त्यावरच अडतात. अनिवासींना पॅन-आधार जोडणीतून सूट असते. निवासी झाल्यावर ती राहत नाही, म्हणून तेही उरकून घ्यावे.

बँकेच्या बाबतीत एक गल्लत नेहमी होते. प्राप्तिकराचा कायदा दिवस मोजतो, तर परकीय चलनाचा कायदा म्हणजे फेमा हेतू पाहतो. कायमचे राहण्याच्या इराद्याने परतलेला माणूस फेमाच्या दृष्टीने लगेच निवासी होतो, मग करासाठी तो त्या वर्षी अनिवासी असला तरी. म्हणून एनआरई (परदेशातील कमाईचे) आणि एनआरओ (भारतातील उत्पन्नाचे) ही अनिवासींची खाती बँकेला कळवून निवासी खात्यांत बदलून घ्यावीत. परकीय चलन तसेच ठेवायचे असल्यास आरएफसी, म्हणजे परतलेल्यांसाठीचे परकीय चलनाचे, खाते उघडता येते, आणि एफसीएनआर, म्हणजे अनिवासी असताना परकीय चलनात ठेवलेल्या, ठेवी मुदत पूर्ण होईपर्यंत चालू ठेवता येतात.

वाहन चालवण्याचा परवाना संपून वर्ष उलटले असेल, तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. आरोग्य विम्यात आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ असू शकतो, त्यामुळे पॉलिसी परतण्याच्या आधीच घेतलेली बरी.

घर

पहिले वर्ष भाड्याच्या घरात काढावे, मग विकत घ्यायला पैसे तयार असले तरी. बाणेरमध्ये राहायचे की कोथरूडमध्ये, हे तेथून रोज सकाळी नऊ वाजता बाहेर पडून पाहिल्याशिवाय कळत नाही. भाड्याचा लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवणे महाराष्ट्रात बंधनकारक आहे आणि ती नोंदणी ऑनलाइन होते.

घर पाहायला शक्यतो मे महिन्यात दुपारी जावे, आणि दलाल लिफ्टची वाट पाहत असताना रखवालदाराला एवढेच विचारावे, की काल टँकर किती आले. आम्हांला एका चकचकीत संकुलात या प्रश्नाचे उत्तर ‘काल ना? काल फक्त अकरा’ असे मिळाले होते. त्यातला ‘फक्त’ ऐकून आम्ही जिन्यानेच खाली उतरलो.

स्वतःचे घर भाड्याने दिलेले असेल आणि आता तेथे राहायला जाणार असाल, तर महापालिकेकडे पीटी-३ अर्ज भरावा. मालक स्वतः राहत असल्यास मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत त्याशिवाय लागू होत नाही.

माणसे

आई-वडिलांकडे किंवा सासरी उतरणार असाल, तर किती दिवस राहणार हे आधीच सांगावे. सासूबाईंच्या ओट्यावरचे डबे पहिल्या महिन्यात जागचे हलवू नयेत आणि सोसायटीच्या सभेत पहिले सहा महिने सूचना मांडू नये. ‘तिकडे असे नसते’ हे वाक्य खरे असले, तरी ऐकणाऱ्याला ते आपल्या घराविषयीची तक्रार वाटते; बोलायचेच असेल तर आपल्यासारख्याच परतून आलेल्या कुटुंबाकडे बोलावे. घरकामाच्या मावशींच्या सुट्ट्या आणि दिवाळीचा बोनस पहिल्याच दिवशी स्पष्ट ठरवावा, म्हणजे पुढे कोणालाही अवघडल्यासारखे होत नाही.

मुलांच्या बाबतीत मराठीची तयारी निघण्याच्या आधीपासून सुरू करावी. २०२० च्या कायद्यानुसार राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे आहे. घरी मराठी बोलणारी मुलेही शुद्धलेखनाच्या वहीसमोर बावरतात, म्हणून शिकवणी लावावी. पण त्याबरोबर त्यांना रोज एकट्याने कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडे पाठवावे. आमची मुलगी पहिल्या दिवशी कोथिंबिरीऐवजी पालक घेऊन आली. तिसऱ्या आठवड्यात तिच्या पिशवीत वरती कढीपत्त्याच्या दोन काड्या होत्या, आणि त्याचे पैसे द्यायचे नसतात, तो नुसता मागायचा असतो, हे तिनेच आम्हांला सांगितले.