खानदेशातल्या घरची जुनी कागदपत्रं अभिलेखागाराच्या सूचीत अशी शोधा

विद्यापीठाच्या किंवा सरकारी अभिलेखागाराच्या सूचीत 'जळगाव' वा 'धुळे' टाकून १९०५ चा कागद शोधला तर बहुधा हाती काही लागत नाही. कारण तेव्हा हे जिल्हेच नव्हते.

१. कागद १९०६ पूर्वीचा असेल तर जिल्हा फक्त 'खानदेश' धरा. त्यानंतर साधारण १९६० पर्यंत जळगावकडचा भाग 'पूर्व खानदेश', धुळे-नंदुरबार 'पश्चिम खानदेश'. मालेगाव, बागलाण, नांदगावचे कागद १८६९ पूर्वीचे असतील तर तेही खानदेशातच पाहावेत.

२. तालुक्याचं जुनं नाव वापरा: मुक्ताईनगरऐवजी एदलाबाद.

३. कागदावरचं साल आधी इसवी सनात आणा. शकात ७८ मिळवा (पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९). फसलीत (शेतसाऱ्याच्या हिशेबाच्या सालात) ५९०, आणि जानेवारी ते मेच्या कागदाला ५९१. मोडी कागदांवर बऱ्याचदा अरबी शब्दांतला सुहूर सन असतो, त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेसाठी ६००. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे २, ७०, १००, १०००, एकूण ११७२; म्हणजे १७७१-७२. फसली आणि सुहूर दोन्ही वर्षं मृगाला, जूनच्या सुमारास, बदलतात. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

४. आडनावाआधी गाव आणि वतन (घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आलेला हक्क) शोधा. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी या नोंदी गावाखाली लागतात. आडनावं पुढे बदललेली असू शकतात.

मूळ कागदावर इसवी सन स्वतः लिहू नका, पेन्सिलीनेही नाही. वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, आणि ती टाचणीने टोचू नका; टाचणी गंजली की तिथला कागद डागाळून कुजतो.