डोमिनिकन ओळख आणि डायस्पोरा: शोधनिबंधाची मांडणी कशी करावी

कॅरिबियनमधील डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या समाजावर वांशिक अभ्यासाच्या अंगाने लिहू पाहणारा विद्यार्थी बहुधा एका तयार विधानापासून सुरुवात करतो: हे लोक आपले कृष्णवर्णीयत्व नाकारतात. हे विधान इतक्या वेळा वाचनात येते की त्याचा पुरावा मागायचे राहून जाते. माझा आग्रह असा, की ते वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न म्हणून लिहावे आणि त्यापुढे कोण, कोठे आणि कोणत्या साली असे तीन उपप्रश्न मांडावेत.

अनेक डोमिनिकन स्थलांतरित न्यूयॉर्कमध्ये असले, तरी वाचनाची सुरुवात तेथून करू नये. ती हिस्पानिओला बेटापासून करावी. या बेटाचा पूर्वेकडचा सुमारे दोन तृतीयांश भाग डोमिनिकन प्रजासत्ताकाचा आहे आणि पश्चिमेकडचा भाग हैतीचा. १८२२ मध्ये हैतीचे अध्यक्ष जाँ-पिएर बोयर यांनी पूर्व भाग ताब्यात घेतला आणि तेथील गुलामगिरी संपवली. २७ फेब्रुवारी १८४४ रोजी डोमिनिकनांनी स्वातंत्र्य जाहीर केले ते हैतीपासून, आणि राष्ट्रीय कथनात हैती ‘परका’ ठरण्याचे मूळ येथे शोधले जाते. मात्र तेवढ्यावर थांबू नये. १८६१ मध्ये स्पेनने देश पुन्हा आपल्या साम्राज्याला जोडला, तेव्हा १८६३ ते १८६५ या काळात लोक त्याविरुद्ध लढले, आणि त्या लढ्यामागे गुलामगिरी परत येण्याची भीतीही होती. कृष्णवर्णीयत्वाच्या नकाराचे कथन सांगणारे लेखन हा लढा अनेकदा ओझरता उल्लेखून पुढे जाते.

हुकूमशहा राफाएल त्रुहियो यांच्या राजवटीला (१९३०–१९६१) स्वतंत्र प्रकरण द्यावे, कारण हैतीविरोध तेव्हा शासनाचे अधिकृत धोरण झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये सीमाभागात हैतियन आणि हैतियन वंशाच्या हजारो लोकांची कत्तल करण्यात आली. मृतांच्या संख्येबद्दल अभ्यासकांमध्ये मोठे मतभेद असल्याने एकच आकडा उचलून देऊ नये. याच संदर्भात ‘इंदिओ’ हा शब्द काळजीपूर्वक हाताळावा. बेटावरील मूळचा ताइनो समाज सोळाव्या शतकातच जवळजवळ नष्ट झाला होता. तरीही शासकीय ओळखपत्रांवर सावळ्या वर्णासाठी हाच शब्द लिहिला जाई. मुलाखतीत तो आल्यास त्याचे ‘आदिवासी’ असे भाषांतर करू नये. मूळ शब्द तसाच ठेवून, बोलणाऱ्याने तो कोणापासून वेगळेपण दाखवण्यासाठी वापरला, हे नोंदवावे.

यानंतर स्थलांतराकडे वळावे. मे १९६१ मध्ये त्रुहियो यांची हत्या झाल्यावर देशाबाहेर जाण्यावरचे निर्बंध सैलावले. १९६५ मध्ये अमेरिकेने डोमिनिकन प्रजासत्ताकात लष्करी हस्तक्षेप केला आणि त्याच वर्षी अमेरिकेत नवा स्थलांतर कायदाही आला. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधील वॉशिंग्टन हाइट्स हे या स्थलांतराचे सर्वांत परिचित केंद्र असले, तरी मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स शहर वगळू नये.

आकडेवारी वापरताना जनगणनेचा प्रश्न नेमका काय होता, ते पाहावे. अमेरिकेच्या २००० च्या अर्जात मूळ देश लिहिण्याच्या जागेशेजारची उदाहरणे काढून टाकली होती. अनेकांनी केवळ ‘हिस्पॅनिक’ किंवा ‘लॅटिनो’ असे लिहिले आणि डोमिनिकनांची मोजणी कमी भरली. त्या वर्षाचा आकडा दुरुस्तीशिवाय तुलनेत घेऊ नये.

क्षेत्रकार्यासाठी समाजशास्त्रज्ञ हिनेत्ता कांदेलारिओ यांचा मार्ग मला विशेष मोलाचा वाटतो. त्यांनी वॉशिंग्टन हाइट्समधील केशभूषागृहात बसून निरीक्षण केले, कारण सुंदर केस कोणते हे ठरवताना वंशाविषयीच्या धारणा प्रश्नावलीपेक्षा अधिक स्पष्टपणे बोलून दाखवल्या जातात. कागदपत्रांसाठी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधील, १९९२ मध्ये स्थापन झालेल्या डोमिनिकन अध्ययन संस्थेच्या ग्रंथालय व अभिलेखागारापासून सुरुवात करावी.

डायस्पोरा, म्हणजे मूळ देशाबाहेर विखुरलेला समाज, हा केवळ न्यूयॉर्कला गेलेल्या लोकांचा, अशी व्याख्या मात्र करू नये. डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या १९९४ च्या घटनादुरुस्तीने दुहेरी नागरिकत्वाला मान्यता दिली आणि २००४ पासून परदेशस्थ डोमिनिकन अध्यक्षीय निवडणुकीत मतदान करू लागले. उलट, सप्टेंबर २०१३ मध्ये तेथील घटनात्मक न्यायाधिकरणाच्या १६८-१३ या निकालाने, १९२९ नंतर देशातच जन्मलेल्या पण अनियमित स्थलांतरितांची अपत्ये असलेल्या लोकांचे नागरिकत्व नाकारले. त्यांत बहुसंख्य हैतियन वंशाचे होते. या दोन्ही घटना एकाच प्रकरणात शेजारी ठेवाव्यात, आणि त्यासाठी स्पॅनिशबरोबरच हैतियन क्रेओल भाषेतील साक्षीही वाचाव्यात.