इंटरनेट नसतानाही उघडतील अशी पुस्तके : आणीबाणीसाठी डिजिटल संग्रह कसा करावा

पूर किंवा वादळ आल्यावर मोबाइलचे मनोरे बहुधा लगेच बंद पडत नाहीत. वीज गेल्यावर त्यांच्या बॅटऱ्या काही तास तग धरतात आणि मग एकेक मनोरा बंद होत जातो. पाणी निर्जंतुक कसे करावे, भाजलेल्या जखमेवर काय लावू नये, हे प्रश्न मात्र अनेकदा त्यानंतरच उभे राहतात. उपयोगी पुस्तके आधीच उतरवून ठेवावीत हे सगळ्यांना पटते. परंतु उतरवलेले प्रत्येक पुस्तक नेटवर्कशिवाय उघडतेच असे नाही, आणि पुढील बहुतेक पायऱ्या याच अडचणीसाठी आहेत.

पुस्तके निवडणे

सुरुवात प्रथमोपचार, पाणी व स्वच्छता आणि घरातील आजारांविषयीच्या पुस्तकांपासून करावी. त्यानंतर घरातील इन्व्हर्टर, पंप, वाहन यांच्या माहितीपुस्तिका घ्याव्यात. त्या बहुतेक उत्पादकांच्या संकेतस्थळांवर पीडीएफमध्ये मिळतात आणि नेमक्या त्याच सर्वांत आधी विसरल्या जातात. मुलांसाठी गोष्टींची काही पुस्तकेही असू द्यावीत, कारण वीज नसलेली रात्र फार लांब असते. हजारो फाइली जमवण्याचा मोह टाळावा. ज्यांची अनुक्रमणिका आपण एकदा तरी चाळली आहे अशी तीस पुस्तके न पाहिलेल्या तीन हजारांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

पुस्तक खरोखर आपल्या ताब्यात आहे का, हे पाहणे

ॲपमध्ये ‘डाउनलोड केले’ असे दिसणारे पुस्तक अनेकदा डीआरएमच्या, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या डिजिटल बंधनाच्या, कुलपात असते, आणि ते कुलूप उघडण्यासाठी ॲपला अधूनमधून कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते. २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादामुळे वाचकांनी विकत घेतलेली काही पुस्तके त्यांच्या किंडल या ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्रावरून परस्पर काढून टाकली होती. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा तेथून घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले, पण संकटाच्या रात्री त्या पैशांचा काय उपयोग?

म्हणून आणीबाणीच्या संग्रहात कुलूप नसलेल्या आणि कायदेशीरपणे उतरवता येणाऱ्या फाइलीच ठेवाव्यात. १९७१ मध्ये सुरू झालेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर स्वामित्वहक्क संपलेली हजारो पुस्तके अशा स्वरूपात मिळतात. मराठीसाठी विकिस्रोत हा मुक्त ऑनलाइन ग्रंथसंग्रह पाहावा. संदर्भासाठी किविक्स हे मोफत सॉफ्टवेअर मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यात संपूर्ण विकिपीडिया ‘झिम’ नावाच्या एकाच फाइलमधून नेटशिवाय वाचता येतो. चित्रांसह इंग्रजी विकिपीडियाची फाइल सुमारे १०० जीबीची असते, मराठीची त्यापेक्षा खूपच लहान असते, आणि केवळ वैद्यकीय लेखांचा वेगळा संचही उपलब्ध आहे.

योग्य स्वरूप

नुसत्या मजकुराच्या पुस्तकासाठी ईपब हे ई-पुस्तकांचे फाइल-स्वरूप उत्तम. त्यातील मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे वाहतो, आणि फाइल बहुधा एक-दोन एमबीचीच असते. पीडीएफचे पान जसेच्या तसे राहते. आकृत्या असलेल्या पुस्तकाला ते सोयीचे आहे, पण मोठ्या पानाचे स्कॅन मोबाइलवर वाचणे कष्टाचे होते. देवनागरी पुस्तकांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी. जुन्या, युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान अक्षर-संकेतपद्धती) नसलेल्या फाँटमधील पीडीएफ डोळ्यांना व्यवस्थित दिसते, परंतु तिच्यात शब्द शोधता येत नाही. फाइल उघडून ‘ताप’ किंवा ‘पाणी’ असा एखादा साधा शब्द शोधून पाहिला की हे लगेच कळते. काही जुन्या ई-वाचक यंत्रांवर जोडाक्षरे तुटतात, तेही आधीच तपासावे.

साठवण

संग्रहाच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, उदाहरणार्थ एक मेमरी कार्डावर आणि दुसरी हार्ड डिस्कवर, आणि त्यांतील एक प्रत शक्य असल्यास घराबाहेर ठेवावी. कार्ड आणि पेन ड्राइव्ह यांत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार वर्षानुवर्षे वापर नसल्यास हळूहळू गळतो, त्यामुळे एखादे कार्ड दहा वर्षे कपाटात टाकून निर्धास्त राहता येत नाही. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. झिम फाइलींसाठी फॉरमॅट करताना एक्सफॅट ही पद्धत निवडावी. पुस्तकांबरोबरच वाचनाच्या ॲपची इन्स्टॉल करण्याची फाइलही त्याच कार्डावर ठेवावी, नाहीतर दुसऱ्याच्या फोनवर पुस्तके असूनही वाचता येणार नाहीत. फाइलीचे नाव विषयापासून सुरू करावे : ‘प्रथमोपचार-भाजणे’ हे नाव घाबरलेल्या माणसालाही सापडते.

वीज

ई-इंक, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या, पडद्याच्या ई-वाचक यंत्राला मुख्यतः पान उलटतानाच वीज लागते, म्हणून ते एका चार्जवर काही आठवडे चालते. मोबाइलवरच वाचायचे असेल तर २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ५,००० एमएएचचा फोन अडीच ते तीन वेळा भरते; उरलेली ऊर्जा रूपांतरात जाते. पॉवर बँक दर तीन महिन्यांनी भरून ठेवावी.

चाचणी

एका संध्याकाळी वाय-फाय बंद करून फोन एअरप्लेन मोडवर टाकावा, तो बंद करून पुन्हा सुरू करावा आणि प्रत्येक पुस्तक उघडून पाहावे. मी पहिल्यांदा असे केले, तेव्हा ज्या शब्दकोशावर माझी भिस्त होती त्याच्या ॲपने पहिल्याच पानावर लॉगिन मागितले. ही चाचणी वर्षातून दोनदा घरातील दुसऱ्या व्यक्तीकडून करवून घ्यावी, आणि संग्रहाला पासवर्ड लावू नये.

चाचणी झाल्यावर काही मोजकी पाने छापून घ्यावीत, विशेषतः ज्यांत प्रमाण चुकले तर इजा होते अशी. जुलाबावरील साखर-मिठाचे पाणी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे : एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाल्यास लहान मुलाला अपाय होतो. ही पाने आणि कार्ड एकाच जलरोधक पिशवीत ठेवावे, आणि पिशवी कुठे आहे ते घरातील सर्वांना दाखवून ठेवावे.