आवाज बसला की काढा? या चुका टाळा

कार्तिकात काकड आरती सुरू झाली की आमच्या खानापूर भागात आठवडाभरातच भजनी मंडळातल्या कुणाचा तरी आवाज घोगरा होतो. "घसा बसलाय ओ, काय हुतंय त्याला," म्हणत गडी पुढची गवळण उचलतोच. मीही तेच केलं. पहाटे भजन, दिवसभर चौथीचा वर्ग. तीन महिने काढे पिऊन झाल्यावर बेळगावात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पडद्यावर दाखवलं : दोन्ही स्वररज्जूंवर (घशातल्या आवाज काढणाऱ्या दोन घड्यांवर) समोरासमोर बारीक गाठी, तांदळाच्या कणीसारख्या.

म्हणजे घसा बसलाच नव्हता. आवाज गेला की नुसता घसा बसलाय असं धरून चालणं, ही पहिली चूक.

साधं बोलताना पुरुषाच्या स्वररज्जू सेकंदाला शंभरेक वेळा, बाईच्या दोनशेच्या आसपास वेळा एकमेकींवर येतात. दर वेळी त्या नीट मिटायला हव्यात. मध्ये गाठ आली की दाराच्या चौकटीत खडा अडकल्यासारखं होतं. फटीतून हवा निसटते, आवाजात वारा येतो, ओवी संपायच्या आत दम संपतो. गाठीच्या वजनाने कंप मंदावतो, म्हणून आवाज जाड होतो. दोन्ही बाजू सारख्या हलेनाशा झाल्या की खरखर येते. सगळ्यात आधी जातात ते वरचे हळुवार सूर. जोर लावून वरचा सा लागतो, पण तोच हळू लावायला गेलं की नुसती हवा. मला हे लक्षात आलं होतं. मी ते थंडीवर ढकललं.

आता काढा. गिळलेली गोष्ट अन्ननलिकेत जाते, स्वररज्जूंना शिवतही नाही. शिवली तर ठसका लागतो. हळद, ज्येष्ठमध, मध यांनी घशाला बरं वाटतं, गाठ तशीच राहते. दिवसभर थोडंथोडं पाणी पिणं आणि साधी वाफ त्यापेक्षा कामाची. वाफेत बाम नको.

आवाज जपायचा म्हणून कुजबुजत बोलणं ही दुसरी चूक. बहुतेकांच्या गळ्यावर त्याने उलट ताणच येतो. मऊ आवाजात, थोडंच बोलावं. सारखं खाकरणंही वाईट, त्यात स्वररज्जू एकमेकींवर आपटतात. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी गिळा.

"गाठ म्हणजे ऑपरेशन," असं मला शेजाऱ्यांनी सांगितलं आणि त्या भीतीने मी महिना घालवला. माझ्या गाठी म्हणजे खुरप्याने हाताला पडतात तसले घट्टे. ते बहुधा दोन्ही बाजूंना येतात आणि वाचा-उपचार तज्ज्ञांकडच्या व्यायामाने, बोलण्याची सवय बदलून बरेचदा विरतात. नुसतं पंधरा दिवस मौन धरून पुन्हा तसंच ओरडलात तर परत येतात. पॉलिप, म्हणजे स्वररज्जूवरचा मऊ फुगवटा, तो वेगळा. तो बहुतेक एकाच बाजूला असतो, कधी एका आरोळीनेही होतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीत किंवा कबड्डीच्या मैदानावर ओरडता ओरडता आवाज एकदम गेला, तर आत रक्त उतरलेलं असू शकतं. तिथे घोषणा थांबवायची, बोलणं बंद आणि थेट डॉक्टर. पॉलिप आणि सिस्ट (आत द्रव भरलेली पिशवी) पुष्कळदा शस्त्रक्रियेनेच काढावे लागतात.

निपाणीकडच्या तंबाखू-विडीवाल्यांनी मात्र माझी गोष्ट वाचून "आपलेही घट्टेच असतील" असं ठरवू नये. स्वररज्जूंच्या कॅन्सरची सुरुवातही अशाच घोगरेपणाने होते, आणि लवकर सापडला तर तो चांगला बरा होतो. तीन आठवडे आवाज सुधारला नाही की दुर्बिणीची तपासणी करा, दुखत नसलं तरी.

राहिला वर्ग. आमच्याकडचा पावसाळा, वर पत्रे आणि खाली चाळीस पोरं. पावसाचा आवाज वाढला की मास्तरांचा आपोआप वाढतो, कळतही नाही. आता जोराची सर आली की मी फळ्यावर लिहितो, मुलं पाटीवर उतरवतात. गप्प करायला टेबलावर डस्टर दोनदा आपटतो.

भजनात भांडण झालं ते पट्टीवरून, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुरावरून गायचं त्यावरून. "काळी चार सोडली तर रंग चढत नाही, बुवा," असं पेटीवाल्या मामांचं म्हणणं. यंदा मी त्याहून खालच्या काळी दोनवरच सुरुवात केली. मामांनी तोंड वाकडं केलं, पण बोटं खाली सरकवली.