गाईंसाठी पेंड निवडताना: आमच्या गोठ्यातला हिशेब

माझं माहेर चोपड्याकडचं. तिकडे सरकीच्या पेंडीला ढेप म्हणतात. लग्न होऊन संगमनेर तालुक्यात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना विचारलं, "गाईंची ढेप कुठे ठेवलीय?" त्यांनी शांतपणे आतून गुळाची ढेप आणून माझ्यापुढे ठेवली. आमचे हे अजून पाहुण्यांना ती गोष्ट सांगतात.

आज दावणीला ११ संकरित गाई आहेत आणि घरच्या दुधापुरती एक म्हैस. दुधाचं बिल माझ्या खात्यावर येतं, म्हणून पेंड आणायलाही मीच जाते. बचत गटातल्या बायका विचारतात, "ताई, कोणती पेंड चांगली?" मी उलट विचारते, "तुझ्या गव्हाणीत आज काय आहे?" त्यांना वाटतं मी सांगायचं टाळतेय. तसं नाही. गव्हाणीतल्या वैरणीतून गाईला किती प्रोटीन मिळतं हे माहीत नसेल, तर पेंड निवडणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल आणणं.

माप काढणं अवघड नाही. ४०० किलोच्या गाईला नुसतं जगायला दिवसाला साधारण ३२० ग्रॅम प्रोटीन लागतं. वर प्रत्येक लिटर दुधाला ९० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे १५ लिटरवाल्या गाईला ३२० अधिक १३५०, एकूण १६७० ग्रॅम. म्हशीचं दूध घट्ट, तिला लिटरमागे आणखी २५-३० ग्रॅम धरा.

आता वैरणीकडे वळू. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण आपण ओलं वजन बघतो. हिरव्या मक्यात पाचातले चार भाग पाणीच. १५ किलो हिरवा मका टाकला तर सुका माल ३ किलो, त्यात ८ टक्के धरून प्रोटीन २४० ग्रॅम. ५ किलो लसूणघासात (आमच्याकडे नुसतं घासच म्हणतात) सुका माल एकच किलो, पण त्यात २० टक्के प्रोटीन, म्हणजे २०० ग्रॅम. ३ किलो कडब्यातून जेमतेम १००. झाले ५४०. राहिले ११३० ग्रॅम. हा खड्डा पेंडीने आणि खुराकाने भरायचा आहे. हा आकडा चिठ्ठीवर लिहा आणि मगच दुकानाची पायरी चढा.

भाव पोत्याचा की प्रोटीनचा

दुकानात सगळे पोत्याचा भाव विचारतात. मी मोबाइलवर एक भागाकार करते: किलोचा भाव भागिले प्रोटीनची टक्केवारी, गुणिले १००. उत्तर येतं ते एक किलो प्रोटीन केवढ्याला पडलं त्याचं. भाव रोज हलतात, तेव्हा खालचे आकडे रीत कळण्यापुरते घ्या.

सरकी पेंड ३७ रुपये किलो आणि प्रोटीन २२ टक्के, तर प्रोटीनचा किलो पडला १६८ रुपयांना. शेंगदाणा पेंड ४८ रुपये आणि ४२ टक्के, म्हणजे ११४. सोयाबीनची डीओसी, तेल काढून उरलेली, ४२ रुपये आणि ४५ टक्के, म्हणजे ९३. जी पेंड किलोमागे पाच रुपये महाग दिसत होती, ती प्रोटीनच्या हिशेबात जवळजवळ निम्म्या भावाची निघाली. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा दुकानातच पुन्हा करून बघितला.

मग सरकी कशाला घ्यायची? कारण तिच्यात नुसतं प्रोटीन नसतं. ६-७ टक्के तेल असतं, तंतू असतो, फॅटला त्याचा आधार होतो. शिवाय गाई आवडीने खातात. म्हणून मी सरकी बंद केली नाही, कमी केली. सासूबाईंच्या काळी आंबोण म्हणजे सरकी पेंडच, रात्री भिजवायची आणि सकाळी धारेला ठेवायची. गाय ५-६ लिटरची होती तोवर ते पुरत होतं.

आमचं मिश्रण सध्या १०० किलोला असं आहे: मका भरडा ३३, सरकी पेंड २०, सोया डीओसी १८, गव्हाचा कोंडा १६, तूर चुनी १०, खनिज मिश्रण २, मीठ १. प्रोटीन साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास बसतं. वरचा ११३० ग्रॅमचा खड्डा भरायला ते गाईमागे पावणेसहा-सहा किलो लागतं, दोन्ही धारांना निम्मं निम्मं. ज्यांना कालवाकालव नको त्यांनी तयार गोळी पेंड घ्यावी, त्यात कमीपणा नाही. फक्त पोत्यावर प्रोटीनचा आकडा आणि बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का बघा. त्या मानकात पहिल्या प्रकारच्या खाद्याला किमान २२ टक्के प्रोटीन लागतं, दुसऱ्याला २०. पोत्यावर गाईचं नुसतं देखणं चित्र असेल आणि आकडा नसेल, तर ते पोतं मी हातात धरत नाही.

आता पावडरी. गोठ्यावर येऊन विकणारे सांगतात, "रोज १०० ग्रॅम द्या, दोन लिटर वाढेल." डबा उलटून बघा. प्रोटीन ४० टक्के असलं तरी १०० ग्रॅममध्ये ४० ग्रॅमच येणार, अर्ध्या लिटरलाही पुरत नाही. आणि किलोचा डबा अडीचशेला असेल तर प्रोटीनचा किलो सव्वासहाशेला पडला. अझोल्याचंही (पाण्यावर वाढवायची हिरवी वनस्पती) तसंच. दोन किलो ओला अझोला म्हणजे सुका १००-१२० ग्रॅम, त्यातून प्रोटीन ३० ग्रॅम. कोंबड्यांना घाला, झकास.

हळदीचा कागद

प्रोटीन मोजताना प्रयोगशाळा मालातला नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. भेसळवाल्यांची चोरवाट इथूनच निघते. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे कागदावर तो २८७ टक्के प्रोटीन दिसतो. १०० किलो पेंडीत दोन किलो युरिया मिसळला की टक्केवारी पाच-सहाने फुगते. पिकासाठी सवलतीत मिळणारा युरिया यापेक्षा स्वस्त कुठला!

चार वर्षांपूर्वी मी एका दुकानातून दहा पोती सरकी पेंड घेतली, पोत्यामागे दीडशे रुपये स्वस्त. तिसऱ्या पोत्याला पाण्यात भिजवल्यावर मुतारीसारखा वास आला. मुलगा तेव्हा बारावी सायन्सला होता, त्याने घरातच तपासणी केली. तुम्हीही करू शकता.

दोन काचेच्या बरण्या घ्यायच्या. एकीत खात्रीची पेंड, दुसरीत संशयाची, प्रत्येकी मूठभर कुटून. दोन्हींत दोन-दोन चमचे कच्च्या सोयाबीनचं पीठ टाकायचं. भाजलेलं नको, डीओसीही नको. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिया फोडणारं विकर असतं, ते उष्णतेने मरतं. वर कोमट पाणी, जेमतेम भिजेल इतकं. मग वहीच्या कागदाची पट्टी ओल्या हळदीने माखून झाकणाखाली लोंबती ठेवायची. पेंडीला टेकू द्यायची नाही, कारण आपल्याला वाफ तपासायची आहे. झाकण लावून तासभर थांबायचं.

आमच्या एका बरणीतली पट्टी पिवळीच राहिली. दुसरीतली वीस मिनिटांत कडेने तांबूस होत गेली आणि मग पार विटकरी झाली. हळदीच्या डागावर साबण लागला की साडी लाल होते ना, अगदी तसंच. अमोनिया सुटला होता. मी ती बरणी पिशवीत घालून दुकानात नेली. "वहिनी, वरून आला तसा माल दिला," एवढंच उत्तर मिळालं, पण न फोडलेली सात पोती परत घेतली. किती युरिया आहे हे या तपासणीत कळत नाही, आहे की नाही एवढंच कळतं. आणि गोळी पेंडीत थोडा युरिया नियमात बसतो, त्यामुळे ही युक्ती साध्या पेंडीपुरती. बरणीतला माल उकिरड्यावर टाका, गाईपुढे नको. खरा आकडा हवा असेल तर पशुखाद्य प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागतो. आणंदला राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाची अशी प्रयोगशाळा आहे.

वाळू-मातीसाठी साधा पेला पुरतो. पेंड पाण्यात ढवळायची, दहा मिनिटं ठेवायची, तळाशी काय बसतं ते बोटाने चोळून बघायचं. कचकच लागली की समजायचं.

शेंगदाणा पेंडीचा धोका वेगळा, बुरशीचा. दमट हवेत त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते दुधात उतरतं आणि दूध उकळूनही जात नाही. दुधात त्याची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. बुरशी डोळ्याला दिसेलच असंही नाही. म्हणून जून ते सप्टेंबर मी शेंगदाणा पेंड घेतच नाही. बाकीची पोतीही फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि पंधरा दिवस पुरतील एवढीच.

जास्त प्रोटीन म्हणजे जास्त दूध नव्हे

हे मी पैसे घालवून शिकले. एका हिवाळ्यात एसएनएफ (दुधातला पाणी आणि फॅट सोडून उरलेला घन भाग) ८.५ वरून ८.१ वर आला, डेअरीने भाव कापला. मी गाईमागे एक किलो पेंड वाढवली. एसएनएफ हलला नाही. शेण पातळ झालं, अमोनियाचा दर्प यायला लागला आणि दोन गाई उलटल्या, म्हणजे भरवूनही गाभण राहिल्या नाहीत. डॉक्टर आले, गाईकडे न जाता आधी गव्हाणीशी उभे राहिले. म्हणाले, "पेंड चिक्कार आहे हो, पण मका कुठंय?"

गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात जंतू असतात. ते पेंडीतलं प्रोटीन फोडून त्याचा अमोनिया करतात आणि त्यातून स्वतःचं शरीर बांधतात. पुढे गाय तेच जंतू पचवते. पण बांधकामाला त्यांना ऊर्जा लागते, ती मका भरड्यातून, ज्वारीतून येते. ऊर्जा कमी पडली की अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं, आणि आपण विकत घेतलेलं प्रोटीन गोठ्याच्या गटारातून वाहून जातं. गाभण राहण्यावरही परिणाम होतो. मी पेंड किलोने कमी केली, दीड किलो भरडा वाढवला. तीन आठवड्यांनी स्लिपवर ८.४ दिसला.

बायपास प्रोटीन म्हणतात ते याच कप्प्यातून न फुटता पुढे जाणारं. २० लिटरच्या वरच्या गाईला त्याचा उपयोग होतो, कारण जंतूंची कमाई तिला पुरत नाही. शेंगदाणा पेंड लवकर फुटते, सरकी आणि खोबरं पेंड त्या मानाने कमी. आमच्याकडे अशा दोनच गाई आहेत, त्यांच्यापुरतं बायपासचं पोतं वेगळं ठेवते. १० लिटरच्या गाईला ते घालणं म्हणजे हौस.

वासरांना सरकी पेंड नको, त्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं आणि त्यांचा पहिला कप्पा अजून तयार झालेला नसतो. युरियाचं खाद्य तर सहा महिन्यांच्या आत अजिबात नाही. आणि कोणालाही पेंड बदलायची असेल तर दहा-बारा दिवसांत, रोज थोडी थोडी. जंतूंनाही नवी चव लागायला वेळ लागतो.

आता गळीत सुरू होतंय. शेजारच्या शेतात तोड आली की उसाचं वाढं फुकटात मिळतं, आणि घासाला पाणी कमी पडतं म्हणून तो दोन महिने बंद होतो. वाढ्यात प्रोटीन ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे घासाचे २०० ग्रॅम गेले. ते भरायला गाईमागे अर्धा किलो डीओसी वाढवते, ११ गाईंना रोज साडेपाच किलो, नऊ दिवसांना एक पोतं. वाढ्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अडकतं, म्हणून खनिज मिश्रणही ५० ग्रॅमने जास्त. मुलाला यादी दिलीय: डीओसी चार पोती, सरकी दोन, आणि दुकानात गेलास की आधी पोत्याचा टाका उसवून आतला माल बघ.